उरलेल्या रंगाचा पडदा

मित्रांनो, मी खिडकीचा एक जुना पडदा आहे, आणि माझा रंग कोणता हे मला पाहून तुम्हाला ओळखता यायचं नाही. 'कळकट' म्हणून लोक मोकळे होतात. म्हणू द्या. नाचणगावच्या एका लहानशा कलासंग्रहालयात पश्चिमेची खिडकी अडवून मी लटकतो आहे. वर्धेचं ऊन रोज अंगावर घेऊन बघा, मग मला नावं ठेवा.

अल्लीपूरच्या शिवारातल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बोंडांत माझा जन्म झाला. हातमागावर विणला गेलो आणि जाडजूड, पांढराशुभ्र होऊन इथे आलो. त्या दिवसांत सखूबाई नावाची गोंड बाई संग्रहालयाच्या अंगणात मोठ्या कापडावर चित्र काढत होती. पळसाची फुलं उकळून तिनं पिवळा रंग केला होता. मोहाच्या झाडाखाली उभ्या बाया, सगळ्यांची लुगडी पिवळी. त्यातल्या एकीच्या कडेवर लहान मुलगी. ती बाई म्हणजे सखूबाई स्वतः, आणि पोर तिची रीना. चित्र झालं, तरी पातेल्यात रंग उरलाच. "एवढा रंग काऊन फेकून देऊ?" असं म्हणत तिनं मला उचललं आणि त्यात बुडवलं. मी असा पिवळाधमक झालो, की येणारेजाणारे चित्राआधी मला बघत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व झाला होता.

संग्रहालय सांभाळणाऱ्या शरयूताईंनी चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं आणि सगळ्यांना बजावलं, की हा पडदा उघडायचा नाही. फुलापानांचे रंग उजेडानं उडतात, आणि उडाले की परत येत नाहीत. चित्रासाठी त्यांनी एक मंद दिवा बसवला. पाहणाऱ्यानं बटण दाबायचं, दिवा थोडा वेळ लागतो आणि आपोआप विझतो. वर्षं गेली. ऊन मला खात राहिलं. लोक चित्राची तारीफ करत आणि हात पुसायला मात्र मी.

मग सखूबाई वारली. यंदाच्या उन्हाळ्यात तिच्या आठवणीचा कार्यक्रम ठरला. रीना आता अंगणवाडीत शिकवते. त्या दिवशी ती लवकरच आली, सोबत मांडववाला रुपेश आणि त्याच्या खांद्यावर लग्नातले दोन मोठे हॅलोजन. तिनं बटण दाबलं, मायचं चित्र पाहिलं, आणि बघता बघता दिवा विझला. तिचा आवाज चढला.

"ताई, मेल्या माणसापाशी बी आपण दिवा लावतो. अन् माह्या मायले तुमी अंधारात ठेवून राह्यल्या?"

"रीना, हा अंधार तिच्यासाठीच आहे गं," शरयूताई म्हणाल्या.

"गावातून माणसं येऊन राह्यली. त्यायले तिचं काम चांगलं दिसू द्या. रुपेश, लाव लाईट!"

"नको, रुपेश." शरयूताई चित्राच्या आड उभ्या राहिल्या. "आज हॅलोजन लावले, तर उद्या येणाऱ्यालाही तेच हवं असेल. दर वेळी रंग थोडा थोडा जाणार. मग लुगडी पिवळी राहायची नाहीत."

रुपेश बिचारा वायर हातात धरून दोघींकडे बघत राहिला.

"मंग हा तरी सरकवू द्या," म्हणत रीनानं मलाच धरलं. बाहेर उतरत्या दुपारचं ऊन काचेवर रेटून उभं होतं, आणि पडद्याला ओरडता येत नाही. माझी खालची दुमड खिडकीच्या खिट्टीत अडकली होती. तिनं हिसका मारला. टर्र!

फटीतून उन्हाचा पट्टा आत घुसला आणि फरशीवरून थेट चित्राखालच्या भिंतीपर्यंत गेला. आणखी थोडं ओढलं असतं, तर तो त्या बायांच्या अंगावर चढला असता. पण रीनाचा हात थांबला. उसवलेल्या दुमडीतून कापडाची पट्टी बाहेर आली होती आणि ती पिवळीधमक होती. इतकी वर्षं आत दडलेली, उजेड न पाहिलेली. मला माझाच रंग दिसला आणि भरून आलं.

"हा तं मायचा पिवळा," रीना पुटपुटली. तिनं ती पट्टी माझ्या कळकट अंगाशी धरून पाहिली. "ताई, हे बाकीचं बी असंच होतं?"

"हो. चित्राचा आणि याचा रंग एकाच पातेल्यातला."

रीनानं दोन्ही हातांनी मला खिडकीवर घट्ट ओढून घेतलं. "रुपेश, ते लाईट घेऊन जाय," म्हणाली, आणि माझ्याच काठाला डोळे पुसले.

माणसं आली, तेव्हा रीनाच दारात उभी होती. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "घाई नोका करू. डोयाले सवय होऊ द्या, मंग माय दिसते." आणि खरंच, दिसत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं माझी दुमड शिवून दिली, पिवळी पट्टी पुन्हा आत घालून.

मित्रांनो, एखाद्या संग्रहालयात उजेड कमी वाटला, तर चिडू नका आणि पडदाही ओढू नका. दारात जरा थांबा. माझा रंग गेला, त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पोरीला कडेवर घेतलेली सखूबाई अजून पिवळ्याच लुगड्यात उभी आहे.