खालच्या फळीवरचा डबा

सकाळी कॉलेजला निघताना लेकीने स्वयंपाकघरात खालच्या फळीवरचा डबा उघडला आणि मूठभर चहा कागदात बांधून घेतला. घरी पिता तो चहा आणा, असं केमिस्ट्रीच्या मॅडमनी सांगितलं होतं. वरच्या फळीवरच्या डब्याला हात लावायचं तिच्या मनातही आलं नाही. तो पुरुषांचा. त्यांचा चहा झाला की चोथा खिडकीत कागदावर वाळायचा, खालच्या डब्यात जायचा आणि बायका तोच पुन्हा उकळून प्यायच्या. जेवणाचंही तसंच. पुरुषांचं उरेल ते.

प्रयोगशाळेत तिने चहा सोडा घालून उकळला, गाळला, गार केला. मग क्लोरोफॉर्म ओतून हलक्या हाताने हलवला. चहातलं कॅफीन क्लोरोफॉर्ममध्ये उतरतं. तो उडून गेल्यावर तळाशी राहिलेलं तापवलं, की वरच्या गार काचेवर कॅफीनच्या पांढऱ्या सुया जमतात.

"ए, माझ्याकडे बर्फ पडला बघ!" शेजारची मैत्रीण ओरडली.

लेकीची काच कोरी होती.

"मॅडम, माझं काय चुकलं?"

मॅडमनी कागदातला उरलेला चहा बोटांवर चोळून पाहिला. "अगं, हा तर चोथा आहे."

"हो मॅडम. आम्ही बायका हाच पितो."

मैत्रीण हसायला निघाली होती, ती तशीच थांबली.

लेक काचेकडे बघत राहिली. तिला आईची नखं आठवली, अशीच रंग गेलेली. अंगात रक्तच उरलं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आई गेली. आता पोटुशी असलेल्या वहिनीलाही डॉक्टर तेच म्हणत होते. वहिनी आईच्याच पाटावर बसायची, आईच्याच कान तुटलेल्या कपातून प्यायची. दुपारी पातेल्यावरची झाकणी खडखडली की आईच चहा ठेवतेय असं वाटून वडील पेपरातून मान वर करून आत बघायचे आणि पुन्हा खाली घालायचे. आत्या तर कितीदा वहिनीला आईच्या नावाने हाक मारायची. वहिनी मुकाट्याने 'ओ' द्यायची.

संध्याकाळी लेकीने ती काच वडिलांच्या कपाशेजारी ठेवली.

"हे काय गं?"

"आईचा चहा, बाबा. आज कॉलेजात उकळून पाहिला."

वडिलांनी काच उजेडात धरली. पलीकडे त्यांचीच बोटं दिसली. "यात तर काहीच नाही."

"तेच."

"आली मोठी शास्त्रज्ञ!" आत्या म्हणाली. "चहा मिळाला नाही म्हणून कुणी मरतं का? आम्ही नाही उरलंसुरलं खाऊन दिवस काढले?"

"चहाचं नाही गं आत्या. पण भाजी, दूध, सगळ्यांतलं आधी बाकीच्यांनी घेतलं. तिच्या ताटात काय यायचं, सांग ना."

आत झाकणी खडखडू लागली. वडील दचकून उठले आणि दारातच थांबले. वहिनी पाटावरून उठून चोथ्याचा चहा गाळायला निघाली होती.

आत्याने हाक मारली. सवयीने, गेलेल्या बाईच्या नावाने.

वहिनीने ओ दिली नाही. तिने गॅस बंद केला, पातेलं तसंच मोरीत उपडं केलं.

"मी ती नाही, आत्या," ती म्हणाली. "मला भूक लागलीय. मी आत्ताच जेवणार. सगळ्यांच्या आधी."

वडिलांनी आपली खुर्ची ओढून तिच्यासाठी पुढे केली आणि ताट वाढायला स्वतः आत गेले. भाजी कुठे ठेवलेली असते, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. लेकीने दाखवलं.

खालचा डबा त्याच दिवशी रिकामा झाला. खिडकीत मात्र कागदाच्या आकाराचा तपकिरी डाग राहिला आहे. वडील तो रोज घासतात. जात नाही.

ज्या घरात उरलंसुरलं खाणारी बाई अजून जिवंत आहे, तिथल्या माणसांनी खालची फळी आजच बघावी.