रोह्यांना सवय झाली

भोंग्यातला आवाज आणायला हर्षलनं मला मेहकरला पाठवलं. स्वतः आला नाही. "तू जाय, तुले अव्या नाही म्हननार नाही," म्हणाला आणि बुलढाण्यात आपल्या मोबाइलच्या दुकानात बसून राहिला. हर्षल गिटार भन्नाट वाजवतो, पण अवघड काम निघालं की त्याच्या दुकानात नेमकी गर्दी होते.

आमच्या बँडचं नाव 'गोफण'. अविनाश गायचा, हर्षल गिटार वाजवतो, मी, करिश्मा, ड्रम. हेवी मेटल वाजवतो असं सांगितलं की आमच्याकडं पहिला प्रश्न येतो, लग्नाच्या ऑर्डरी घेता का? सुरुवातीला मी समजावून सांगायची. पुढं पुढं 'तारखा भरल्यात' म्हणून मोकळी व्हायला लागले.

अविनाशचा तो पोटातून येणारा घोगरा आवाज कुठल्या क्लासात घडलेला नव्हता. लहानपणी ज्वारीतल्या मचाणावर बसून पाखरं हाकलता हाकलता तो कमावलेला. त्याचे वडील उत्तमराव विहिरीवरून "अव्याऽऽ!" अशी हाक मारायचे आणि हा शेताच्या दुसऱ्या टोकाकडून असा 'ओऽऽ' द्यायचा, की मधे बांधलेली म्हैस दावं तोडायची. सराव आम्ही त्याच शेतातल्या खोलीत करायचो. तिथं तक्रार करायला म्हशीशिवाय कुणी नव्हतं.

पहिला कार्यक्रम त्यांच्याच गावच्या गणपतीत झाला. अविनाशनं पहिली डरकाळी फोडली आणि अन्नपूर्णाबाई नावाची म्हातारी कुंकू आणि लिंबू घेऊन स्टेजकडं धावत आली. "कोन्ता देव आला बाप्पा अंगात?" म्हणत ती त्याच्या पाया पडली आणि हरवलेली शेळी कुठं आहे ते विचारू लागली. अविनाश मुळात भिडस्त. म्हातारीचं मन कसं मोडायचं, म्हणून त्याच आवाजात म्हणाला, "उगवतीकडेऽऽ!" शेळी उगवतीकडंच, नाल्याच्या बाभळीत सापडली. मग काय, पुढं कित्येक मंगळवारी आमच्या खोलीबाहेर माणसं नारळ घेऊन बसायची आणि उत्तमराव त्यांना शिव्या घालून हाकलायचे.

त्या गणपतीचा व्हिडिओ फिरला आणि पुण्याहून बोलावणं आलं. दोन गाण्यांच्या मधे अविनाश बोलायला लागला की पुण्याची पोरं फिदीफिदी हसायची. गायला लागला की तोंडं मिटायची. अल्बम काढला, त्याचं नाव ठेवलं 'उगवतीकडे'. मग बंगळूरला वाजवलं, गुवाहाटीला वाजवलं. मी पहिल्यांदा विमानात बसले ते मेटलमुळं, आणि माझ्या आईला आजही वाटतं की मी कॉम्प्युटरच्या परीक्षेला गेले होते.

गेल्या वर्षी त्याचा आवाज आणखी खोल गेला, आणखी खरखरीत झाला. आम्ही खूश. तोही खूश. दुसऱ्या कुणाचा आवाज बसला तर घरचे हळद-दूध देतात, दवाखान्यात नेतात. आमच्या धंद्यात बसलेला आवाजच चांगला. तो थुंकला आणि त्यात रक्त दिसलं, तेव्हा कुठं आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सोयाबीन वीतभर आलं होतं. उत्तमराव म्हणाले, "जाता जाता भोंग्यात आवाज भरून दे. रोही कोंब खाऊन राह्यले." रोही म्हणजे नीलगायी. आमच्याकडं त्यांना पळवायला आता शेताशेतात काठीवर प्लास्टिकचा भोंगा लावलेला असतो. लाल बटन दाबून त्यात ओरडायचं, मग तो थांबून थांबून तेच ओरडत राहतो. नवं भरलं की जुनं पुसलं जातं. अविनाशच्या ओठांवर तेव्हा आमचं नवं गाणं होतं. त्याची पहिलीच ओळ त्यानं भोंग्यात भरली: "कोनाचं रान, कोन राखेऽऽ!" शेजारच्या दोघा-चौघांनीही आपापले भोंगे पुढं केले. त्यानं सगळ्यांना भरून दिलं आणि दुसऱ्या दिवशी तो ऑपरेशनला गेला. परत आला तेव्हा गळ्याला भोक होतं, वर पांढरा रुमाल होता, आणि बोलायचं ते तो मोबाइलवर टाइप करून दाखवायचा.

तेव्हापासून मला काही वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू, दुःखसुद्धा नाही. जेवत होते, कॉम्प्युटरच्या क्लासला शिकवत होते, हर्षलबरोबर बसून नव्या गाण्याचं आमचं वाजवणं पुरं करत होते. फक्त गायची जागा रिकामी होती. ती भोंग्यातल्या आवाजानं भरायची, अल्बम बाहेर काढायचा, 'गोफण' चालू ठेवायची, असं हर्षलचं म्हणणं. तो आवाज मिळाला नाही तर बँड संपला, हेही त्याचंच म्हणणं. मी बरं म्हटलं आणि बसमधे बसले.

दुपारी शेतात पोचले. हरभऱ्याला घाटे धरले होते. लांबूनच अविनाशचा आवाज आला, "कोनाचं राऽऽन..." आणि बरोबर त्या भोंग्याखाली चार-पाच रोही माना खाली घालून हरभरा खात उभे होते. एक तर काठीला अंग घासत होता.

"काका, रोही खाऊन राह्यले!" मी विहिरीवर बसलेल्या उत्तमरावांना म्हटलं.

"दिसते मले."

"भोंगा चालू हाय ना?"

"सवय झाली त्याहीले. दिवाळीपासून भेतच नाहीत."

"मंग नवा आवाज काऊन नाही भरला? शेजाऱ्यायनं तं..."

"त्यायनं सगळ्यायनं पुसला," उत्तमराव म्हणाले. आणि वाकून विहिरीत बघायला लागले. "नवा भरला का जुना जाते ना वं पोरी. खाऊ दे. पोरगं बोलते ना."

ते ऐकून दगडालाही पाझर फुटला असता. मला काही झालं नाही. मी फक्त पाहिलं की अर्धा हरभरा गेला होता. एरवी एक घाटा कुणी तोडला तर गाव डोक्यावर घेणारा हा माणूस.

अविनाश खोलीतून बाहेर आला. बारीक झाला होता. मी त्याच्या कानाला इयरफोन लावून गाणं ऐकवलं. त्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं, ड्रमच्या एका जागी हसलासुद्धा. मग टाइप केलं, "माहा आवाज कुठून घेनार?"

मी भोंग्याकडं बोट दाखवलं. तो रोह्यांकडं बघत राहिला. मग मोबाइल माझ्यापुढं धरला. "ज्या आवाजाले रोही भेत नाही, तो मेटलमधे चालत नाही बे."

मला असा संताप आला! "लय शहाना आहेस तू," मी ओरडले. "तो बाप पीक खाऊ देऊन राह्यला त्या आवाजासाठी, हर्षल तिकडं वाट पाहून राह्यला, अन् तुले विनोद सुचून राह्यले!" तो ऐकून घेत राहिला. भांडणात त्याला आता हीच एक सोय होती. माझं झाल्यावर तो हरभऱ्यात शिरला. रोही त्याला बघून चार पावलं सरकले. त्यानं काठीवरून भोंगा काढून आणला, खोलीतून तेलाचा रिकामा पिपा आणून माझ्यापुढं पालथा घातला आणि बाभळीच्या दोन काड्या हातात दिल्या.

तो काय करतोय ते मला कळलं. "थांब, आधी मले मोबाइलमधे घेऊ दे," म्हणत मी मोबाइल काढला. त्यानं त्यावर हात ठेवला. दाबून नाही, नुसता ठेवला. मान हलवली. आणि दुसऱ्या हातानं लाल बटन दाबलं.

आता तोंडातून काढलेला शब्दही भोंग्यात गेला असता. मला ओरडायचं होतं, मी ओरडू शकत नव्हते. म्हणून मी वाजवलं. त्याच गाण्याची सुरुवात, आमच्या तिघांची, हातांना पाठ असलेली. पिपा कर्कश वाजत होता आणि अविनाशचा तो शेवटचा आवाज त्या क्षणी जगातून पुसला जात होता, हे मला एकेका ठोक्याला कळत होतं. त्यानं बटन सोडलं तेव्हा माझे हात थांबेनात.

त्यानं भोंगा परत काठीवर लावला आणि चालू केला. पत्र्याचा खणखणाट रानभर गेला. रोह्यांनी माना वर केल्या, आणि पुढच्याच क्षणी सगळे उधळले, बांधावरून उड्या टाकत नाल्याकडं पळाले. अविनाश हसत होता, खांदे हलत होते, आवाज नव्हता. टाइप करून त्यानं दाखवलं, "हर्षलले सांग, मह्या जागी हेच घे." आणि मी तिथंच ढेकळांत बसून रडले. इतक्या महिन्यांचं रडले. माझा मित्र पुन्हा कधी गाणार नव्हता, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा खरं वाटलं.

खणखणाट ऐकून उत्तमराव विहिरीवरून धावत निघाले होते. ते अर्ध्या शेतात थांबले. भोंग्याकडं बघितलं, रिकाम्या हरभऱ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस आम्हा दोघांना फोडून काढतो. पण ते तसेच उभे राहिले.

ऑपरेशनपासून त्यांनी मुलाला लांबून हाक मारली नव्हती. काही सांगायचं असलं तर सगळं शेत तुडवत जवळ यायचे. आता त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"अव्याऽऽ!"

मी डोळे पुसता पुसता थांबले. अविनाशनं माझ्या हातातल्या काड्या घेतल्या आणि पिप्यावर दोन ठोके दिले.

उत्तमरावांनी तोंडाशी धरलेले हात खाली घेतले.

"हाव," मग ते म्हणाले. "मोटर लावून राह्यलो. तिकडचं पानी पाह्य."