प्रकाशाहून मुंबईला गेलेलं दूध

१९३८च्या चैत्रातली गोष्ट. इंदूरहून मुंबईला टपाल नेणारं एक छोटं विमान प्रकाशा गावाजवळ तापीच्या कोरड्या रेतीत उतरलं आणि घसरत थेट नानीबाईच्या टरबुजाच्या वाडीत घुसलं. नानीबाई हातात विळा घेऊन धावली. पण आतून उतरलेला पारशी तरुण आधी फुटलेल्या टरबुजांकडे बघून दोन्ही कान धरून उभा राहिला, तेव्हा तिचा राग कुठल्या कुठे गेला.

विमानाची तेलाची नळी निसटली होती. ती बसवेपर्यंत दिवस कलला, म्हणून त्याला धर्मशाळेत उतरवलं. नानीबाई भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन गेली. तो गुजराती बोलायचा आणि ती तिला कळायची. इथून मुंबई किती लांब, असं तिनं विचारलं. दोन तास, तो म्हणाला.

"दोन तासमां तर मन्ही डाळ बी शिजस नही," नानीबाई म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ दोधू चार वर्षांपासून जुहूच्या एका बंगल्यात माळी होता. त्याला भेटायला जाऊ म्हटलं की तिचा नवरा करणसिंग दरवर्षी म्हणायचा, एवढ्या लांब कोण जाणार? वैमानिकानं जमिनीवर रेघा ओढून दाखवल्या. आगगाडी आधी सुरतेला जाते, मग खाली वळते. विमान सरळ जातं. रेघा तिला पटल्या, दोन तास मात्र पटेनात.

सकाळी गावकऱ्यांनी बैल जुंपून विमान ओल्या, घट्ट रेतीवर ओढून नेलं. तोवर नानीबाईनं गाय पिळली आणि न तापवलेलं दूध पितळी डब्यात भरून वर फडकं बांधलं. चैत्राच्या उन्हात असं दूध दुपारपर्यंतही टिकत नाही. विमान जुहूलाच उतरणार होतं; डबा दोधूला द्या, असं सांगून तिनं बंगल्याचा पत्ता दिला. करणसिंग लाजेनं दुसरीकडे बघू लागला, पण वैमानिकानं डबा टपालाच्या थैल्यांमध्ये नीट बसवला.

आठवड्याभरात दोधूचं पत्र आलं. मास्तरांनी ते ओट्यावर बसून वाचलं. साहेब स्वतः सायकलवर डबा घेऊन आला होता, साडेनऊच्या सुमाराला. दूध आज सकाळचं आहे, हे दोधूला खरं वाटेना. त्यानं साहेबासमोरच दूध चुलीवर ठेवलं. पुढं त्यानं लिहवून घेतलं होतं, "बहिन, दूध फाटनं नही." मग दोघांनी त्याच दुधाचा चहा घेतला.

नानीबाईनं मास्तरांना तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली आणि करणसिंगकडे पाहिलं. विमान काही आपल्यासाठी थांबणार नाही, तो म्हणाला. नंदुरबारला गाडी थांबते, असं ती म्हणाली आणि उठून गाठोडं बांधायला लागली.

प्रत्यक्षात मात्र वैशाखात, शेवटची टरबुजं काढून वाडी उलगल्यावर दोघं निघाली. सुरतेपर्यंत नानीबाईनं गाडीच्या डब्यातल्या प्रत्येकाला विचारलं, की गाडी एवढा वळसा घालून का जाते. पार्ल्याला दोधू फलाटावर उभा होता. चार वर्षांनी भाऊ दिसला, तरी ती आधी रेल्वेच्या रस्त्याबद्दलच बोलली. मग त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, आणि मग कुठे तिला रडू आलं.