कपाटात ठेवलेलं कानाचं मशीन

डॉक्टर आसावरीबाईंच्या पत्राला सहदेव परुळेकरांनी उत्तर दिलं नव्हतं. आळसाने नव्हे. दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात ज्याची सारी हयात गेली, त्याला चार ओळी लिहिणं काय जड? पण खरं लिहावं तर घरातलं एक माणूस अपराधी ठरत होतं, आणि खोटं लिहायला हात धजेना. म्हणून पत्र शब्दकोशात गेलं आणि तिथेच राहिलं.

मोरीत घसरून त्यांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन ठाण्याला, नौपाड्यातल्या एका इस्पितळात झालं. आसावरीबाई तिथल्या भूलतज्ज्ञ. भूल उतरल्यावर काही म्हातारी माणसं भ्रमात का जातात, घरच्यांना का ओळखत नाहीत, सुया का उपटून टाकतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. सहदेवांनाही तसंच झालं होतं. म्हणून बाईंनी विचारलं होतं, 'शुद्धीवर आल्यावर चष्मा आणि कानाचं मशीन तुमच्यापाशी होतं का? नसल्यास कुठे होतं?'

ते डोंबिवलीला होतं, घरच्या लोखंडी कपाटात. आत नेताना आयाने सगळं काढून सुनेच्या, दर्शनाच्या, हाती दिलं. 'किमती वस्तू घरी ठेवाव्यात' अशी पाटी भिंतीवर होतीच. दर्शना मुळातच जपणारी. तिने सगळं रुमालात बांधून घरी नेलं आणि कुलपात ठेवलं. पुढचे दोन दिवस सहदेवांभोवती नुसत्या आकृत्या हलत होत्या, ना चेहरा ना आवाज. त्यांतल्या एकीवर आपण खेकसलो, एवढं त्यांना अंधुक आठवत होतं. काय बोललो, हे विचारायची छाती झाली नाही. घरातही कुणी तो विषय काढत नसे.

तो निघाला समोरच्या बिऱ्हाडातल्या कमळाबाईंमुळे. त्यांच्या गुडघ्याची वाटी बदलायची होती.

"अगं दर्शना, पिशवी भरत्येय. सासऱ्यांच्या वेळी तू काय काय नेलेलंस?"

"आधी काय न्यायचं नाही ते ऐका, काकू. तुमचं कानाचं मशीन घरीच ठेवा. आबांचं मी कुलपात ठेवलेलं, म्हणून राहिलं."

"बरं सांगितलंस. सोबतीला यायचा तो आमचा राकेश, आणि तो तर काय, स्वतःच्या लग्नात स्वतःचे जोडे हरवून आलेला!"

सहदेव आतल्या खोलीत पुस्तक धरून बसले होते. मशीन कानात होतं, शब्द न् शब्द त्यांच्या कानी पडला. ऐकलंच नाही असं दाखवता आलं असतं. बहिऱ्याला तेवढी सोय असते. पण कमळाबाई जाग्या झाल्यावर भोवती तसल्याच मुक्या आकृत्या असतील. काठी न घेताच ते दारात आले.

"कमळाबाई, मशीन न्या बरोबर."

"काय म्हणता?"

"भूल देईपर्यंत कानात राहू द्याल का, असं डॉक्टरांना विचारा. चष्म्याचंही विचारा. आणि जाग आली की दोन्ही लगेच परत द्यायला सांगा. मला... मला ते मिळालं नव्हतं."

दर्शना कोथिंबीर निवडत होती. तिचा हात थांबला.

कमळाबाई गेल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आबा, ते माझ्यामुळे झालं?"

"तसं म्हणता यायचं नाही गं. वय असतं, दुखणं असतं, भूल असते. मशीन असतं तरी कदाचित..." त्यांनी शब्दकोशातून पत्र काढून तिच्यापुढे धरलं.

तिने ते दोनदा वाचलं.

"मला दाखवलं का नाहीत?"

"तुला लागलं असतं."

"आणि काकू मशीन ठेवून गेल्या असत्या, ते? माझ्या सांगण्यावरून?"

सहदेव हळूच म्हणाले, "तेव्हा मी तुला काय बोललो होतो?"

"चोर म्हणालात. माझ्या आईसमोर. 'या बाईने माझं सगळं नेलं, पोलिसांना बोलवा.' तुमचा मुलगा हसत सुटला आणि मी जिन्यात जाऊन रडले. पण खोटं कुठे होतं? नेलंच होतं की मी."

यावर हसावंसं दोघांनाही वाटलं; हसू मात्र कुणालाच आलं नाही.

"लिहा, आबा. कपाटाचं लिहा. 'घरच्यांनी नेलं' असं मोघम नको, सुनेने नेलं म्हणून लिहा. आणि त्या पाटीचंही लिहा."

सहदेव लिहायला बसले. उशिराबद्दल क्षमा मागणारी ओळच तेवढी लांबत गेली, ती त्यांनी खोडली. बाकीचं होतं तसं लिहिलं. दर्शनाने पेन घेऊन खाली आपल्या अक्षरात जोडलं, 'वस्तू जपायला सांगितलं, म्हणून जपली. जाग आल्यावर ती लागते, हे पुढच्यांना आधीच सांगा.' सवयीने सहदेवांची नजर त्या ओळीवरून फिरली. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी दोघं रामनगरच्या पोस्टापर्यंत चालत गेली. पेटीपाशी सहदेव जरासे घुटमळले. दर्शना त्यांची काठी धरून उभी राहिली. त्यांनी पाकीट आत सोडलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज कान देऊन ऐकला.