जोडाक्षरांपर्यंत

"ज्या गावाच्या फळ्यावर रोज सुविचार असतो, त्या गावाचा ऱ्हास होणे नाही," असं शांताराम साव्यांनी स्टुलावर उभं राहून जाहीर केलं, आणि तेच वाक्य लिहायला घेतल्यावर 'ऱ्हास' कसा लिहितात ते त्यांना आठवेना. दोनदा लिहिला, दोनदा पुसला. शेवटी 'नाश' लिहून ते खाली उतरले.

सावे डहाणूच्या एका हायस्कुलात कारकून होते. दाखले लिहिणं आणि हजेरीपट सांभाळणं हे त्यांचं काम, आणि फळा हे व्यसन. सतरा वर्षांत त्यांनी रजा घेतली नव्हती, कारण रजेच्या दिवशी फळा कोण लिहिणार? फळा फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून होता, त्यामुळे शाळेपेक्षा गावच जास्त शिके. मामलेदार कचेरीतली माणसं जाता जाता वाचत, आणि बाजाराला निघालेल्या मासेवाल्या त्याच्या सावलीत टोपली टेकवून घटकाभर उभ्या राहत.

सुविचारांचा साठा आटला की सावे स्टेशनवर जात. तिथला बुकिंग क्लार्क दशरथ चुरी त्यांना मुंबईचं कालचं इंग्रजी वर्तमानपत्र देई. त्यातलं एखादं वाक्य सावे मराठीत आणत. आणताना वाक्याचा एखादा हातपाय मोडे, पण फळ्यावर ते ठणठणीत दिसे.

१९६२ च्या फेब्रुवारीत, मॅट्रिकच्या परीक्षेला महिना उरलेला असताना, त्यांना आतल्या पानावर चार ओळींची बातमी सापडली. जपान, विद्यार्थी, परीक्षा आणि जीव, एवढे शब्द त्यांना लागले. उरलेलं त्यांनी अंदाजानं भरलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं:

'जपानमधले विद्यार्थी परीक्षेसाठी जीव देतात. आपण काय देतो?'

फळा गाजला. हेडमास्तरांनी तो प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेकडून म्हणवून घेतला. चिकूवाडीचे शेठ मोटार थांबवून "बहु सरस" म्हणाले. सतरा वर्षांत साव्यांना गुजरातीत शाबासकी मिळाली नव्हती.

चौथ्या दिवशी चुरी शाळेवरून चालला होता. त्यानं फळा वाचला आणि साव्यांना बाजूला घेतलं.

"सावेकाका, ती बातमी मीही वाचलीय. ती मुलं खरोखरच जीव देतात हो. नापास झाली म्हणून. मरतात."

साव्यांना धक्का बसला. तो त्या मुलांसाठी होता की भाषांतरासाठी, हे त्यांनी तेव्हा तपासलं नाही. ओला फडका घेऊन ते निघालेही, पण वाटेत हेडमास्तर भेटले. शनिवारी शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला येणार होते, तोवर हे वाक्य राहू दे म्हणाले. साव्यांनी फडका पिळला आणि परत नेऊन वाळत घातला. साहेब आले, त्यांनी वाक्य स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. फळा नऊ दिवस राहिला.

त्या वर्षी मॅट्रिकला हंसा बसणार होती. खाडीकाठच्या वस्तीतल्या चंद्रावती मासेवालीची ही मुलगी. वस्तीतून मॅट्रिकपर्यंत पोचलेली ती पहिलीच, त्यामुळे गावानं तिला परीक्षेआधीच पास करून टाकलं होतं. हेडमास्तरांच्या टेबलात सत्काराचं भाषण तयार होतं. शेठनी मनगटी घड्याळ कबूल केलं होतं. वस्तीनं तिला मासळी सुकवायच्या कामातून मोकळं केलं होतं, आणि त्या बदल्यात जो भेटे तो "पोरी, आपली लाज राख" म्हणे. साव्यांनीही एकदा म्हटलं होतं. ती मान हलवी. सगळ्यांच्याच बोलण्यावर ती मान हलवी.

सकाळी ती आईची एक टोपली घेऊन बाजारापर्यंत जाई. फळ्यासमोर दोघी थांबत. मुलगी हवेत बोट फिरवी आणि आईचे ओठ हलत. साव्यांना खिडकीतून वाटे, म्हातारी देवाचं नाव घेते आहे.

जूनमध्ये निकाल वर्तमानपत्रात आला. नावं नव्हती, नुसते नंबर. शाळेच्या कचेरीत हेडमास्तरांनी रांगेवरून बोट फिरवलं, शेठनी चष्मा बदलून फिरवलं, शेवटी साव्यांनी लाकडी पट्टी ठेवून पाहिलं. हंसाच्या आधीचा नंबर होता, नंतरचाही होता. मधला नव्हता.

हंसा दाराशी उभी होती.

"सर, पट्टी सरळ धरलीत ना?"

साव्यांनी पट्टी सरळ करून पुन्हा पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली आणि ती निघून गेली. तिच्या मागं कुणी गेलं नाही, कारण सगळे एकमेकांचं सांत्वन करण्यात गुंतले होते.

संध्याकाळी ती घरी नव्हती. तिसऱ्या दिवशी चिंचणीच्या होडीवाल्यांनी तिला आणलं.

गाव बधिर झालं. बाजारात भाव करणारी माणसं मध्येच आकडा विसरून उभी राहत. हेडमास्तर भेटेल त्याला एकच वाक्य सांगत होते, "आपल्याकडे असं होत नाही हो." साव्यांच्या तोंडून "जपानात होतं" एवढंच निघालं. ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि साव्यांना दुसरं काही ऐकू येईना.

पुढं टपालानं गुणपत्रक आलं. इंग्रजीत चार गुण कमी होते. साव्यांनी ते दप्तरी लावलं. त्यांचं स्वतःचं इंग्रजी तिच्याहून कच्चं होतं, पण ते नोकरीला लागून चुकले होते.

फळा कोरा राहिला. पावसानं तो रोज धुतला जाई आणि रोज कोराच सुके.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्रावती टोपली घेऊन शाळेच्या कचेरीच्या खिडकीशी आली. सावे उठून बाहेर गेले. त्यांनी ठरवलंच होतं, ती आली की सगळं सांगायचं. त्यांनी सांगितलं. बातमी, चुरी, ओला फडका, साहेबांची वही, काही लपवलं नाही. ती टोपली डोक्यावर तशीच ठेवून ऐकत होती.

"मला ठावं हाय, मास्तर. मी वाचलं होतं."

"तुम्ही?"

"ती शिकवायची ना मला फल्यापुढं. सुटी अक्षरं येतात मला. मी वाचलं, जपानमधले… मंग दोन शब्द कलले नाय… मंग जीव देतात. मी इचारलं तिला, कोन गो जीव देतात? तं ती बोलली, आये, मधले शब्द तुला येत नाय ना, म्हनून तसं वाटतं. चांगलंच लिवलंय."

साव्यांनी खिडकीचा गज धरला. हेडमास्तर, शेठ, साहेब, अख्ख्या गावानं ते वाक्य पूर्ण वाचलं होतं.

आता ती शिव्या देईल, म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. ती फळ्याकडे बघत होती.

"रोज येते, तं कोराच असतो."

"काय लिहू आता, बाई?"

"कायपन लिवा." तिनं टोपली सावरली. "जोडाक्षरं तेवढी नका घालू. तिथपरत तिनं शिकवलं नव्हतं."