थांग आयींची कॉमेंट

मित्रांनो, सिंगापूरच्या हौगांग भागातल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मिक्सरला टेकून उभा असलेला जुना टॅब म्हणजे मी. माझ्या काचेच्या कोपऱ्याला तडा गेला आहे. बॅटरी लगेच मान टाकते, म्हणून माझी वायर कायम भिंतीला लावलेली असते. आता माझ्यावर भाज्यांच्या कृती पाहतात आणि कणकेचे हात मला लागतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एके काळी माझ्यावर फार वाचन चालायचं, आणि त्या दिवसांतली एक हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यातला. तिथून खोक्यात बसून मी सिंगापूरला आलो आणि योगिनीच्या हाती पडलो.

योगिनी पुण्याची. कॉलेजात असताना हौस म्हणून चिनी शिकायला लागली आणि मग शिकतच राहिली. तिचा नवरा श्रीराम मरीन इंजिनिअर. तो इथूनच जहाजावर चढायचा आणि कित्येक महिने समुद्रावर असायचा. योगिनी घरी बसून एका लहानशा कंपनीचं काम करायची. आपल्या देशातल्या आणि परदेशातल्या राजकीय बातम्यांवर चीनमधली माणसं तिथल्या सोशल मीडियावर काय बोलतात, ते रोज वाचायचं आणि त्याचा इंग्रजीत रिपोर्ट लिहायचा. लिहायला तिचा लॅपटॉप होता, वाचायला मी.

कुठे परदेशात निवडणूक लागली की लोक लिहायचे, "आम्ही आपले कलिंगड खातोय." म्हणजे आम्ही नुसते बघे, आम्हाला काय त्याचं. एखादा सगळ्यांच्या आधी पोहोचायचा आणि लिहायचा, "पुढच्या रांगेत बसलोय, सूर्यफुलाच्या बिया विकायला आहेत." तमाशा बघताना आपण शेंगदाणे खातो, तशा. योगिनी घरात एकटीच हसायची. बातमी त्यांच्या देशातली असली की मात्र सूर बदलायचा. कुठे पूर आला तर पानभर मेणबत्त्यांची चित्रं लागायची. एखादा अधिकारी काही भलतंच बोलला, तर लोक त्याची इतकी स्तुती करायचे की ती स्तुती नाही हे कुणालाही कळावं. काही कॉमेंट सकाळी असायच्या आणि दुपारी नाहीशा व्हायच्या. मग लोक तेच म्हणणं वेगळ्या, सारख्या उच्चाराच्या शब्दांत पुन्हा लिहायचे.

असे आडवळणाचे शब्द अडले की योगिनी मला काखेत मारून शेजारी जायची. तिथे थांग आयी राहायच्या. चिनीत आयी म्हणजे मावशी. पण योगिनीच्या तोंडून तो शब्द थेट आपल्या 'आई'सारखा यायचा. एकदा श्रीरामने फोनवर ऐकून विचारलं होतं, तुझी आई पुण्याहून कधी आली?

थांग आयी मूळच्या उत्तर चीनमधल्या शेनयांगच्या. मुलीच्या घरी नातीला सांभाळायला आल्या होत्या. मुलगी कामाला आणि नात शाळेत गेली की दिवसभर घरात त्या एकट्याच. त्यांच्या फोनवरची अक्षरं त्यांना बारीक पडायची, म्हणून त्या दुपारी योगिनीकडे येऊन माझ्यावर बातम्या वाचायच्या. लसूण सोलत सोलत एकेका शब्दामागची गंमत सांगायच्या. त्या दोघींच्या मधे टेबलावर उभं राहायला मला फार आवडायचं. एकदा थांग आयींना ताप आला, तेव्हा योगिनीने त्यांना मऊ भात करून नेला आणि वर मेतकूट घातलं. त्यांनी तो मुकाट्याने संपवला.

मग ती बातमी आली. भारत आणि चीनच्या सीमेवर काहीतरी झालं होतं. काय झालं, कुणी आधी केलं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पण सकाळपासून माझी काच शिव्यांनी भरून गेली. भारतीयांच्या रंगाबद्दल, जेवणाबद्दल, बायकांबद्दल. योगिनी ओळीमागून ओळ वाचत राहिली. तिकडे तिच्या फोनवर पुण्याच्या नातेवाइकांचे मेसेज येत होते, आणि त्यांत चिन्यांबद्दल तशाच शिव्या होत्या. तिच्या आत्याने तर कळवलं की शेजारपाजारच्यांशी जास्त बोलत जाऊ नकोस.

त्यातच तिच्या कंपनीच्या रुचिरचा फोन आला. रुचिर मुंबईचा, स्वभावाने बरा, पण नेहमी घाईत. सिंगापूरच्याच तुआस भागातली, जहाजं दुरुस्त करणारी एक कंपनी त्यांची गिऱ्हाईक होती. तिथे भारतीय आणि चिनी माणसं एकाच टोळीत काम करायची. मालकांना धास्ती होती की आता मारामाऱ्या होतील. टोळ्या वेगळ्या कराव्यात का, हे त्यांना रिपोर्ट वाचून ठरवायचं होतं. रुचिरने सांगितलं, जास्त लांबण लावू नकोस, सगळ्यात तापलेल्या कॉमेंट काढ आणि पाठव.

त्या दुपारी कॉरिडॉरमध्ये थांग आयींच्या सपाता वाजल्या. योगिनीने मान वर केली, पण ती उठली नाही. पावलं दाराशी थबकली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी ती पावलं आलीच नाहीत. मला दोघींच्या मनातलं सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

रिपोर्टसाठी योगिनी सर्वांत जास्त उत्तरं आलेल्या कॉमेंट शोधत होती. अशीच एक तिने उघडली. खाली उत्तरांचा ढीग होता, पण कॉमेंट मात्र अगदी साधी होती. "माझ्या शेजारी एक भारतीय मुलगी राहते. मला ताप आला तेव्हा तिने मऊ भातावर कसलीशी पिवळी पूड घालून आणली. चव विचित्र होती. मी सगळा खाल्ला. मला तिला शिव्या देता येणार नाहीत." नावाखाली लिहिणाऱ्याचं ठिकाण आपोआप उमटलं होतं. सिंगापूर.

खालची उत्तरं मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही. परदेशात बसून आम्हाला शिकवू नकोस, असं लिहिणारे त्यातल्या त्यात सभ्य होते. हे लिहिणारं कोण ते शोधून काढा, असंही एकाने लिहिलं होतं.

योगिनीने ती कॉमेंट पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचली. ही एक कॉमेंट रिपोर्टमध्ये घातली असती तर तुआसच्या मालकांना काहीतरी वेगळं वाचायला मिळालं असतं. पण विचारल्याशिवाय ती घालायची कशी? ती मला घेऊन उठली आणि तिने शेजारची बेल वाजवली.

थांग आयींनी जाळीचं दार उघडलं. त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग योगिनीकडे.

"आयी, मी वाचलं," योगिनी म्हणाली.

त्यांनी तिला आत घेतलं. कॉमेंट काढून टाक म्हणून मुलगी मागे लागली आहे, असं त्यांनी सांगितलं. कुणी पत्ता शोधला तर नातीला त्रास होईल, ही मुलीची भीती. मग त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "शिव्यांचं मला काही वाटलं नाही गं. मी गिरणीत कामाला होते, तिथे याहून वाईट ऐकलंय. पण एवढ्या माणसांनी लिहिलं, त्यातल्या एकानेही 'खरं आहे' असं म्हटलं नाही. मग तूही दार उघडलं नाहीस. म्हटलं, हिलाही मी नकोशी झाले असेन."

योगिनी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. "मला तुमची पावलं ऐकू आली होती. सकाळपासून तेच वाचून माझं मन इतकं आंबलं होतं की तुमच्या तोंडाकडे बघायची भीती वाटली. काढून टाका ती कॉमेंट. मी वाचली, ती माझ्याजवळ राहील."

थांग आयींनी फोन घेतला आणि ती काढून टाकली. रिपोर्टबद्दल योगिनीने विचारलं, तेव्हा त्यांनी नकार दिला. आपली कॉमेंट नको, पण आपल्यासारखं लिहिणारे आणखी कुणी असतील, त्यांना शोध, एवढंच सांगितलं.

घरी येऊन योगिनीने माझ्यावरचा क्रम बदलला. सगळ्यात तापलेल्या कॉमेंट आधी दिसत होत्या. त्याऐवजी तिने वेळेप्रमाणे लावल्या आणि एकेक वाचायला घेतली. तिथे राग होताच, तो खोटा नव्हता. पण एकाने लिहिलं होतं की तिथल्या थंडीत दोन्हीकडच्या पोरांचे पाय गोठत असतील. एक ट्रक ड्रायव्हर डिझेल महागेल म्हणून काळजीत होता. कुणी कॉलेजातल्या भारतीय रूममेटची आठवण काढली होती. एका मुलीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, आणि तिने सगळ्यांना आज भांडू नका म्हणून विनवलं होतं. यांच्या खाली एकही अंगठा नव्हता. योगिनीने रागही लिहिला आणि हेही लिहिलं.

रुचिर कुरकुरला. मागितलं काय आणि पाठवलंस काय, म्हणाला. मग थोड्या वेळाने त्याचा पुन्हा फोन आला. त्याने रिपोर्ट दोनदा वाचला होता आणि काही न कापता पुढे पाठवला होता. तुआसच्या कंपनीने टोळ्या वेगळ्या केल्या नाहीत. त्याचं कारण रिपोर्टच होता की आणखी काही, ते आम्हाला कधी कळलं नाही.

नात मोठी झाल्यावर थांग आयी शेनयांगला परत गेल्या. योगिनीने नवा टॅब घेतला. माझ्यावर ते चिनी अॅप आता उघडत नाही, मी फार जुना झालो. तरी नव्यावर त्या दोघी बोलायला लागल्या की मी इथून ऐकतो.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझी भावंडं असतील. त्यांना पुसत जा, जमिनीवर आपटू नका. आणि एक करा. आमच्या काचेवर जे सगळ्यात वर येतं, ते सगळ्यांचं म्हणणं आहे असं समजू नका. थोडं खाली जाऊन बघा. तिथे कुणी एकट्याने काही बरं लिहिलेलं असेल आणि सगळे त्याच्यावर तुटून पडले असतील, तर त्याच्याखाली 'खरं आहे' एवढे दोन शब्द तरी लिहा. दूर कुठल्या तरी घरात एखादी थांग आयी सुजलेल्या डोळ्यांनी तेच शोधत बसलेली असेल.