फडक्यावरचा लाल डाग

सून थुंकली आणि बाबांच्या पांढऱ्याशुभ्र फडक्यावर पडलेले पिवळे तीर्थ बघता बघता रक्तासारखे लाल झाले. खोली भरून बसलेली माणसे एकदम मागे सरकली.

"पाहा! असत्य बाहेर पडलं!" बाबा गरजले. "पाप आधी कातडीवर उमटतं, मग जिभेवर चढतं. हिच्या जिभेला चटका द्यावा लागेल."

शेगडीतली सळी लाल होत होती. सुनेच्या पोटावर आधी एकच गुलाबी चट्टा उठला. पंधरा दिवसांत पाठ भरली, मग तोंड आले. शेजारणीचे ऐकून सासूबाईंनीच तिला हाताला धरून इथे आणले होते.

"आई, मी नाही हो खोटं बोलले," सून कशीबशी म्हणाली. फोडांमुळे शब्द फुटत नव्हते.

"ऐका, बोबडी वळली!" शेजारीण म्हणाली.

सासूबाई फडक्याकडे पाहत राहिल्या. चाळीस वर्षे लाँड्री चालवलेल्या त्या बाईंना हा लाल रंग चांगलाच ओळखीचा होता. सदऱ्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो असाच लाल होतो. कामाला आलेली प्रत्येक नवी मुलगी 'रक्त, रक्त' म्हणून किंचाळते.

त्या पुढे झाल्या.

"बाबा, आधी तुम्ही थुंका."

"म्हातारे, शाप लागेल!"

"लागू दे. सत्तरीत शाप काय नि ताप काय!" त्यांनी तीर्थाची चूळ भरली आणि फडक्याच्या कोऱ्या टोकावर टाकली. तेही लाल झाले. "हळदीचं पाणी, आणि धुण्याच्या सोड्यात बुडवून वाळवलेलं फडकं! आता माझीही जीभ डागा. मग ह्या शेजारणीची."

शेजारणीने पदराने तोंड झाकले. बाबांनी सळीला हात लावला नाही.

सासूबाईंनी सुनेला तडक डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी पाठ पाहिली, तोंड तपासले, दुसरा काही आजार नाही याची खात्री म्हणून रक्ताची एक चाचणी करून घेतली.

"अशा पुरळासोबत कधी कधी तोंडही येतं," त्या म्हणाल्या. "सहा-आठ आठवड्यांत आपोआप बरं होईल."

"म्हणजे चटका दिला असता, तरीही?"

"तरीही. श्रेय बाबांना गेलं असतं आणि हिची जीभ कायमची पोळली असती."

सासूबाईंना तेव्हा कुठे खरी धडकी भरली. बाबांचा चमत्कार फडक्यात कमी आणि त्या आठ आठवड्यांत अधिक होता.

म्हणून बायांनो, तोंड आले तर तोंड लपवू नका. ते उघडा, डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी त्यात पाप दाखवू लागला, तर आधी त्याचे फडके तपासा.